डॉक्टरांचं नाक

टक्. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. हाडावर छिन्नी चालते तेव्हा आवाज अगदी लाकडावर येतो तसाच येतो. अजूनही सुताराच्या दारावरून जाताना माझी पावलं अडखळतात. त्या दिवशी टेबलावर यमुना होती. कानाचा वास जाईपर्यंत लेकीला हात लावायचा नाही, असं सासूनं बजावून पाठवलेली.

भोरला संस्थानचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. कानाच्या एका डॉक्टरांकडं मी ड्रेसर होतो, म्हणजे कान धुवायचे आणि पट्ट्या भरायच्या. कानाच्या दवाखान्यातले किस्से कानातल्या मळासारखे असतात. रोज थोडे थोडे साठतात आणि काढल्याशिवाय निघत नाहीत. म्हणून काढतो झालं.

*

कान फुटला की आधी घरचे उपाय व्हायचे. पानशेतकडची एक म्हातारी आली. तेल घालून झालं होतं, बाळंतिणीचं दूध घालून झालं होतं, विडीचा धूरही सोडून झाला होता.

डॉक्टर म्हणाले, "आजी, आता फोडणी तेवढी राहिली!"

म्हातारी म्हणाली, "ती बी घातली की! लसणाची!"

*

डॉक्टरांना तपकिरीची सवय. त्यापायी त्यांना वासच कळेना. रोग्याच्या कानातला कापसाचा बोळा काढला की माझ्यापुढे धरायचे, "धोंडिबा, हुंग."

नुसता पू असला तर औषधानं भागायचं. पण कुजका वास आला, की आत कांद्याच्या पापुद्र्यासारखं पांढरं काहीतरी वाढतंय आणि हाड खातंय, असं समजायचं. ते मेंदूपर्यंत पोचलं की माणूस हाती लागत नाही. मी दुसरी नापास, पण डॉक्टरांचं नाक!

*

आंबवड्याचा एक पैलवान आला. डॉक्टरांनी कानाच्या भोकावर बोट ठेवून हलकेच दाबलं, तर गडी गरगरून खाली! आतलं हाड पोखरलं असलं की असं होतं. पडल्या पडल्याच म्हणाला, "साहेब, हा डाव कुठल्या तालमीतला?"

*

ऑपरेशन म्हणजे कानामागचं हाड छिन्नीनं कोरायचं. चेहऱ्याची शीर तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर तोंड वाकडं. म्हणून रोग्याच्या चेहऱ्यावर नजर ठेवायची आणि गाल हलला की ओरडायचं, हे माझं काम.

एका मास्तरांच्या वेळी मी ओरडलो, "हलला!" डॉक्टरांचा हातोडा वरच्या वर थांबला. मास्तरांच्या गालावरून माशी उडाली.

डॉक्टर म्हणाले, "गाढवा, तिला भूल दिलेली नाही!"

*

यमुना मार्गासनीची. नवऱ्यानं तिला भोरला मावशीकडं आणून सोडलं. "वास गेला की न्यायला येतो," म्हणाला. दोन वर्षांची लेक त्यांनी घरीच ठेवून घेतली.

ऑपरेशनला दोन तास लागले. दोन तास मी तिच्या चेहऱ्याकडं बघत होतो. कामच होतं ते.

शुद्धीवर आल्यावर तिनं पहिलं विचारलं, "दादा, वास गेला का वो?"

"एवढ्यात न्हाई जायचा," मी म्हणालो.

तीन महिने मी रोज तिचा कान धुतला, आत पट्टी भरली. तिला दुखणार नाही इतका हात हळू चालवायचो, आणि ती लेकीचं सांगायची. पोर शेळीला 'शेई' म्हणते. भाकरीचा पापुद्रा तेवढा खाते.

"आता मला वळखंल का वो, दादा?"

"आईला कोण इसरतं?"

हे आमचं रोजचंच बोलणं.

एक दिवस नवरा आला आणि ओट्यावर बसला. डॉक्टरांनी यमुनाच्या कानातला बोळा काढून माझ्या हातात दिला. बोळा कोरडा होता. कापसाचा असतो तेवढाच वास.

"काय धोंडिबा?"

"थोडा येतोय अजून," मी म्हणालो.

"मग आणखी आठ दिवस." डॉक्टर हात धुवायला वळले.

यमुनानं माझ्या हातातला बोळा घेतला. स्वतः हुंगला. माझ्याकडं बघितलं. बोळा ताटलीत ठेवला, पदर सावरला आणि ती बाहेर नवऱ्याकडं निघून गेली.