पगडी उलगडायला लागणारा वेळ

जे सांगणार आहे ते मी आईलाही सांगितलं नव्हतं, आणि आईला तर मी दहावीत कॉपी केलेलीसुद्धा सांगून टाकली होती. आई गेली. त्यानंतर सांगावं असं कुणी उरलंच नाही, हे एक. आणि खरं विचाराल तर, कुणी असतं तरी मी सांगितलं असतं का? नसतं. तुम्हाला सांगते कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि समोरासमोर बसायची वेळ येणार नाही. मी धीट बाई नाही. पुढे कळेलच.

आधी माझं काम सांगते. मी वीस-बावीस वर्षं सिनेमात कंटिन्युइटी केली. सिनेमा तुकड्यातुकड्यांनी काढतात. बाई दारातून आत येते ते सोमवारी, आणि खुर्चीत बसते ते गुरुवारी. मग तिच्या हातात बांगड्या चार होत्या की सहा, कपात चहा अर्धा होता की संपला होता, हे लक्षात ठेवायला एक माणूस लागतो. ती मी. मांडीवर पॅड, दर शॉटचा वेगळा कागद, त्यावर वेळ घालून सगळी नोंद. युनिटमध्ये म्हणायचे, वंदनाला विचारा, तिला मागच्या जन्मातलंही आठवत असेल. याचा मला ताठा होता. आता कशाला नाकारू?

दहा-बारा वर्षं झाली असतील. अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्याला घर बनवलं होतं—अंगण, ओसरी, दाराशी चपला-बुटांची लाकडी फळी. एका म्हाताऱ्या सरदाराची गोष्ट होती, ज्याचा मुलगा अपघातात जातो. पगड्या बांधायला आणि रीतिभाती बरोबर आहेत का ते बघायला निर्मात्यांनी मुलुंडहून एका गृहस्थांना बोलावलं होतं. किरपालसिंग. सत्तरीला आलेले, मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान मुलाकडे सोपवून मोकळे झालेले. सगळे त्यांना पापाजी म्हणायचे. जन्म मुंबईचा, त्यामुळे मराठी माझ्याइतकीच चांगली, वर थोडी हिंदीची फोडणी. पहिल्याच दिवशी म्हणाले, "आमचा माणूस पडद्यावर आला ना, की थिएटर आधीपासूनच हसायला तयार असतं. हा पिक्चर रडवणार म्हणतात, म्हणून आलो."

त्यांच्या गुरुद्वाऱ्यात लहान मुलांना पहिली पगडी बांधतात, तो मोठा सोहळा असतो. नातेवाईक जमतात, मुलगा मधे बसतो. मुलुंडच्या कितीतरी घरांत ती पहिली पगडी पापाजींच्या हातची होती. ते हे सांगायचे तेव्हा फुशारकी नसायची, पण आवाज जरा मऊ व्हायचा.

दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवायचो. इतरांचे कंपू होते, आमचा नव्हता. माझं थालीपीठ त्यांना आवडायचं, त्यांच्या डब्यातलं गाजराचं लोणचं मला. आई तेव्हा आजारी होती आणि मी तिच्याबद्दल युनिटमध्ये फक्त त्यांच्याशी बोलायचे. माझ्या लग्नाचं का जमलं नाही हे त्यांनी चाळीस दिवसांत एकदाही विचारलं नाही. एवढ्यावरून माणूस आपला वाटायला लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

दिग्दर्शक मात्र त्यांना कंटाळला होता. पापाजी थेट मॉनिटरपाशी जाऊन हे चुकलं, ते चुकलं सांगायचे. एक दिवस तो चिडून म्हणाला, शॉट चालू असताना माझ्याकडे यायचं नाही, काही असेल ते वंदनाला सांगा, ती लिहील आणि मला कळवेल. पापाजी म्हणाले, ठीक आहे. तेव्हापासून त्यांचा आणि दिग्दर्शकाचा दुवा मी. नीट लक्षात ठेवा हे—मीच.

आता तो शॉट. बाप हॉस्पिटलमधून मुलाला शेवटचं बघून घरी येतो. दाराशी बसतो, बूट काढतो. कागदावर एवढंच होतं. पण नटाला काय वाटलं कोण जाणे, त्याने डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी टोपीसारखी उचलली आणि शेजारच्या फळीवर ठेवली. बुटांना लागून. आत केसांवर बांधायच्या पटक्याचं काळं कापड होतं, त्यानेच तोंड झाकलं आणि तो रडला. काय रडला! लाइटवाले डोळे पुसत होते. कट म्हटल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

पापाजींनी वाजवल्या नाहीत. ते माझ्या खुर्चीजवळ आले, खाली वाकले. म्हणाले, "वंदना, हे ठेवता येणार नाही. घाईत कुणी पगडी तशी उचलेल एक वेळ, पण बुटांजवळ? मुलगा मेला तरी नाही ठेवणार. त्याला सांग, उलगड. एकेक पदर सोड. दोन मिनिटं लागतात, रडायला तेवढा वेळ तरी मिळेल." मी लिहून घेतलं. त्यांच्यासमोर, त्यांचेच शब्द. ते वाचून त्यांनी मान डोलावली.

आणि मी उठले नाही.

का उठले नाही? आदल्याच दिवशी माझ्याकडून पाण्याच्या ग्लासाची एक चूक झाली होती आणि दिग्दर्शकाने सगळ्यांदेखत माझी सालटी काढली होती. टाळ्या अजून वाजत होत्या. नट थकून गेला होता. पुन्हा करायचं म्हणजे पगडी नव्याने बांधा, पुन्हा रडवा. दिग्दर्शकाच्या पुढच्या सिनेमासाठी माझं नाव जवळजवळ पक्कं होतं. आणि एक अजून—मला मनातून वाटलं, एवढं काय त्यात? आमच्या लग्नांत फेटे बांधतात, पंगत बसली की तेच फेटे खुर्चीखाली जातात. कुणाचं काही बिघडत नाही. मी माझ्या फेट्यावरून त्यांची पगडी मोजली.

पॅक-अपला पापाजींनी विचारलं, सांगितलंस का? मी म्हटलं, "हो. एडिटमध्ये काढू म्हणाले." एका दमात, पापणी न लववता. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

मला वाटलं, एडिटमध्ये खरंच जाईल. एवढ्या मोठ्या सिनेमात एक शॉट. माणूस स्वतःशी किती सहज सौदा करतो ना?

तो शॉट ट्रेलरचा शेवट झाला. पोस्टरवरही तोच—फळी, बूट, पगडी, आणि मागे अंधुक म्हातारा. सिनेमाच्या नामावलीत पापाजींचं नाव होतं, पगडी आणि रीतिरिवाज सल्लागार म्हणून, एकट्याचं, ठळक. मुलुंडला लोकांनी ते वाचलं. ज्यांच्या मुलांना त्यांनी पगडी बांधली होती त्यांनीही वाचलं. लोक विचारू लागले, तू तिथे उभा होतास आणि हे होऊ दिलंस? पापाजी सांगत राहिले, मी हरकत घेतली होती, ती लिहूनही ठेवलेली आहे. कुणाकडे? वंदनाकडे.

म्हणून एका रविवारी ते माझ्या चकाल्याच्या घरी आले. बरोबर गुरुद्वाऱ्याच्या कमिटीतले दोन वयस्क गृहस्थ. दोन बस बदलून आले होते, उन्हाचे. मी चहा टाकला. आई आतल्या खोलीत झोपली होती. त्यातले एक फार अदबीने म्हणाले, "आम्ही भांडायला नाही आलो, बेटी. एवढंच सांग, किरपालसिंगनी तेव्हा तुला सांगितलं होतं का?"

तुम्ही म्हणाल, हो म्हणायला काय लागत होतं? सांगते. हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता, मग तू दिग्दर्शकाला सांगितलंस का? आणि तो म्हणाला असता, मला कुणी काही बोललं नाही. मग पापाजींना कळलं असतं की डोक्यावर हात ठेवला त्या संध्याकाळी मी काय केलं होतं. शिवाय पुढचा सिनेमा आठ दिवसांवर होता.

मी म्हणाले, "मला आठवत नाही."

मी. जिला बांगड्या आठवतात. कागदांचा गठ्ठा कपाटात होता, त्यांच्या खुर्चीच्या मागे, हातभर अंतरावर.

मी पापाजींकडे पाहिलं नाही, पण त्यांनी बशी खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं आता ते बोलतील—खोटं बोलतेस, म्हणतील. लिहिताना त्यांनी बघितलं होतं मला. ते उठले आणि त्या दोघांना म्हणाले, "चला. कामाच्या गडबडीत कुणाला काय आठवणार. मुलीला त्रास नको." माझ्यासाठी सबबसुद्धा त्यांनीच शोधून दिली. चपला घालताना त्यांनी विचारलं, आई कशी आहे. मी म्हटलं, बरी आहे. ते गेले.

पुढचं मला इकडून तिकडून कळत गेलं. कुणी त्यांना काढलं नाही, काही बोललंही नाही. फक्त पहिल्या पगडीला बोलावणं यायचं बंद झालं. लोक दुसऱ्या कुणाला बोलावू लागले. पापाजी लंगरमध्ये भांडी घासायला जायचे, ते जात राहिले.

मला तो पुढचा सिनेमा मिळाला. त्यानंतर आणखी काही. मग टॅबलेटवाली मुलं आली, फोटो काढून सगळं क्षणात जुळवणारी, आणि माझी आठवण कुणाला लागेनाशी झाली. आई गेली तेव्हा पापाजींना कळवावं असं वाटलं होतं. फोन हातात घेऊन बसले होते. कोणत्या तोंडाने करणार? आता दिवसभरात दाराची बेल वाजते ती कचरेवाल्याची, नाहीतर शेजारणीचं पार्सल चुकून माझ्याकडे येतं तेव्हा. दुपारी मी थालीपीठ करते तर एकच करते, आणि तेही अर्धं उरतं. याबद्दल तक्रार नाही. माझ्याशी मोकळेपणी बोलणारा एक माणूस होता, त्याला मी स्वतःच दाराबाहेर काढलं.

इथवर ऐकून तुम्हाला वाटेल, हाच तो दोष. मलाही बरीच वर्षं असंच वाटायचं. भीती होती, नोकरीसारखं काम होतं, घरात आजारी आई होती, माणूस घसरतो. असं मी स्वतःला समजावून झोपायचे. पण सांगायचं राहिलंय ते यापुढचं आहे.

मागच्या थंडीत दुपारी फोन आला. "वंदनाताई का? मी जसबीर, किरपालसिंगांची मुलगी." मी तिला कधी पाहिलेलं नाही. तिने पापाजींच्या जुन्या डायरीतून माझा नंबर काढला होता. पापाजी अंथरुणाला खिळले होते, बोलणं जवळजवळ थांबलं होतं, पण ऐकू येत होतं. गुरुद्वाऱ्यात नवी कमिटी आली होती, तरुण मंडळी. कुणीतरी जुना विषय काढला होता. ते म्हणाले होते, काही पुरावा असेल, एखादी ओळ, तर रविवारी संगतीसमोर, जमलेल्या सगळ्यांसमोर, वाचून दाखवू, की किरपालसिंगांनी वेळच्या वेळी हरकत घेतली होती. व्हीलचेअरवरून नेऊ त्यांना. त्यांच्या कानांवर पडू दे.

जसबीर म्हणाली, "ताई, तुमच्याकडे तेव्हाचं काही लिहिलेलं आहे का? किंवा नुसतं आठवत असलं तरी चालेल. फोनवर सांगा, मी रेकॉर्ड करते."

लिहिलेलं होतं. कोणत्या कप्प्यात, कितवा कागद, हेही माहीत होतं. मी खुर्चीतून उठलेही होते.

मी म्हणाले, "नाही गं. खूप वर्षं झाली."

 ती म्हणाली, "असू दे. पप्पांनी मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं, तिला विचारू नकोस, तिला अवघड होईल. मलाच राहवेना म्हणून फोन केला." वर माझीच चौकशी केली, तब्येत वगैरे. त्या महिन्याच्या अखेरीस पापाजी गेले. रविवारी काही वाचलं गेलं नाही.

त्या दुपारी माझ्याकडे काम नव्हतं, की ते जाईल. दिग्दर्शकाने केव्हाच सिनेमे काढणं सोडलं होतं. आई नव्हती. घरात कुणीच नव्हतं, ज्याला मी भ्यावं. हो म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं, की मुलुंडमधल्या एका बाईला, जिची-माझी कधी गाठ पडणार नव्हती, कळलं असतं की मी खोटं बोलले होते.

तेवढ्यासाठी मी नाही म्हणाले.