सेनापतीच्या जागी साहेब

शिरूर कासारच्या एका मंगल कार्यालयात ऊसतोड मुकादमांसाठी नेतृत्व शिबिर झालं, त्यात माझाही हात होता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्याकडच्या एका साहेबांना प्राचीन चिनी युद्धनीतीचं वेड लागलं होतं. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो, इंग्रजी वाचतो, म्हणून शिबिरात वाटायला तिचं सोपं मराठी टिपण करायचं काम माझ्याकडे आलं. मी ते मन लावून केलं, याचीच आता किळस येते.

छपाईआधी साहेबांच्या पीएने त्यात दोनच दुरुस्त्या केल्या. कॉम्प्युटरवर ‘सेनापती’ काढून सगळीकडे ‘साहेब’ घातलं आणि ‘सैनिक’ काढून ‘कोयते’. आमच्याकडे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. माणसं दोन, मोजायचं हत्यार एक. पुस्तिका वाचायची तसदी पीएने घेतली नाही, साहेबांनी तर नाहीच. मुखपृष्ठावर मात्र साहेब चिनी चिलखतात उभे होते. चिलखत पोटाशी पुरत नव्हतं.

फेटे, हार, स्वागतगीत झाल्यावर साहेब तासभर शत्रूला गाफील कसं गाठायचं यावर बोलले. शत्रू कोण, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

मग एक म्हातारा मुकादम उठला. साहेब ज्या कारखान्याचे संचालक, तिथेच त्याची टोळी जायची. गेल्या हंगामात टोळीच्या खोपींवर, म्हणजे पाचटाच्या झोपड्यांवर, दर तिसऱ्या दिवशी टँकर यायचा. एरवी बाया कालव्याचं पाणी आणायच्या आणि पोरांना कावीळ झाली होती. यंदा निघण्याआधी त्याला पाण्याचा शब्द हवा होता.

“साहेब, तुमच्याच पुस्तकात लिव्हलंय,” असं म्हणून तो बोट ठेवून वाचू लागला. “कोयत्यांना पाणी मिळाल्याशिवाय साहेबांनी पाण्याला तोंड लावू नये.”

साहेबांच्या हातात झाकण काढलेली बाटली होती. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं.

साहेब माझ्याकडे वळले. “सर, छपाईत घोळ झाला का?”

मी ‘हो’ म्हणायच्या तयारीनेच उठलो होतो. पण मुकादमाचं बोट अजून त्या ओळीवरच होतं. “मुळात तसंच आहे,” मी म्हणालो.

साहेबांनी बाटली खाली ठेवली आणि रोज टँकर देण्याची घोषणा केली. टाळ्या झाल्या. सगळ्यात जोरात पीएने वाजवल्या.

दिवाळीनंतर मुकादमाचा फोन आला. टँकर एकदा आलता म्हणे, साहेबांचा फ्लेक्स लावून. फोटो निघाले, अर्धे हंडे भरले आणि तो गेला तो गेलाच.

“त्या चिन्यांनी अशा वक्ताला काय करा म्हणलंय, सर?”

मी सगळं टिपण मनात चाळलं. वेढे, हेर, रसद, शिक्षा. सैनिकाने काय करावं, हे कुठेच नव्हतं. ते सगळं शहाणपण सेनापतींसाठीच लिहिलेलं आहे, असं मी त्याला सांगितलं.

“मंग आमाला ते कावून वाचाया दिलं?”

उत्तराला न थांबता तो पुढचं सांगू लागला. टोळीने खोपी मोडून एका शेतकऱ्याच्या विहिरीजवळ नेल्या होत्या. पाणी गोड होतं. उसाचा फड मात्र तिथून दोन कोस लांब. गड्यांना तासभर आधी उठावं लागायचं, बायांना त्याच्याही आधी.