बिल्ल्यावर दिलेली कवळी

अण्णांची कवळी अजून स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात. डब्यातलं पाणी मी आता बदलत नाही.

कवळी वरच्या दातांची. खाली अण्णांचे, माझ्या वडिलांचे, स्वतःचे काही दात उरले होते, त्यांचा त्यांना थोडा अभिमानही होता. नोकरीचा सगळा काळ ते पिंपरीच्या एका कंपनीत फिटर होते. आई गेल्यावर निगडीच्या फ्लॅटमध्ये ते आणि मी, दोघंच. मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासते, त्यामुळे त्यांचं खाणंपिणं माझ्याकडे. धाकटा भाऊ चाकणला कामाला आहे. शिफ्ट बघून येऊन जायचा.

विसरणं हळूहळू आलं. आधी माणसांची नावं, मग वार, मग आपण जेवलो की नाही ते. पुढे ते कवळी घेईनात. डबा पुढे केला की माझा हात बाजूला सारायचे आणि शर्टाचा खिसा चाचपायचे. मी चष्मा दिला, रुमाल दिला. ते मान हलवायचे. दातांशिवाय त्यांचं बोलणं बोबडं व्हायचं, शब्दांना कडाच राहायच्या नाहीत. शेजारच्या काकू म्हणायच्या, डोकं फारच गेलं गं. मलाही तसंच वाटायचं. भाकरी बंद झाली, मग पोळी, मग उरला पातळ वरणभात, तोही निम्मा ताटात. गळ्याची हाडं वर आली. त्यांनी मला ओळखावं ही इच्छा मी तोवर सोडली होती. त्यांनी चावून खावं, एवढंच हवं होतं.

एकदा दुसऱ्या शिफ्टला निघण्याआधी धाकटा आला होता. त्याच्यासमोर मी डबा उघडला. अण्णा नजर चुकवून हळू आवाजात म्हणाले, "राव, आधी बिल्ला घ्या. बिनबिल्ल्याचं न्हाई न्यायचं आपल्याला."

मला आजवर कुणी राव म्हटलं नव्हतं. धाकटा हसायला लागला आणि मधेच थांबला. मग त्याने मला समजावून सांगितलं. टूलरूमच्या खिडकीवर कामगार आपल्या नंबरचा पितळी बिल्ला द्यायचा. आतला माणूस तो खिळ्याला अडकवायचा आणि हत्यार द्यायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. खिळ्यावर बिल्ला दिसला, की हत्यार माणसाकडे आहे असं समजायचं. अण्णांच्या लेखी मी त्या खिडकीतला माणूस होते. खिशात बिल्ला सापडत नव्हता, म्हणून ते दात घेत नव्हते.

धाकट्याने त्यांच्याच जुन्या पेटीतून एक पितळी वॉशर काढला आणि त्यांच्या खिशात टाकला. खिडकीच्या चौकटीत खिळा ठोकला. "चला राव, लाइनीत या," तो म्हणाला. अण्णा खरोखर उठून उभे राहिले, वॉशर माझ्या हातात दिला आणि कवळी घेतली. त्या दुपारी त्यांनी भाकरी खाल्ली, दुधात कुस्करलेली का होईना.

त्यानंतर रोज तसंच चालू झालं. सकाळी वॉशर खिळ्यावर, रात्री जेवणानंतर परत त्यांच्या खिशात. दात आले तसे काही शब्दही आले. कवळी परत करताना ते म्हणायचे, "धुऊन आणलंय, बघून घ्या." मी बघून घ्यायचे.

मग एका सकाळी त्यांनी वॉशर दिला, मी तो अडकवला, पण त्यांनी कवळी उचलली नाही. थोडा वेळ उभे राहिले आणि गालावर हात ठेवून खुर्चीत जाऊन बसले. रात्री वॉशर मागितला नाही. दुसऱ्या दिवशी खिसाही चाचपला नाही. मला वाटलं, आता टूलरूमही गेली. धाकटा म्हणाला, ताई, तरी एकदा दाताच्या डॉक्टरांना दाखवू.

डॉक्टरबाईंनी बऱ्याच मिनतवारीने त्यांचं तोंड उघडवलं. खालच्या एका दाढेच्या मुळाशी पू होता. कवळीखालची हिरडी सोलवटली होती. "हे बऱ्याच दिवसांचं दिसतंय," त्या म्हणाल्या. "त्यांना दुखत होतं. सांगता येत नव्हतं, एवढंच." त्यांचा गोंधळ यानेच वाढला का, असं मी विचारलं. दोन्ही बाजूंनी होतं, त्यांनी सांगितलं. तोंडातलं दुखणं, पोटात न जाणारं अन्न, यांनी माणूस आणखी ढासळतो. आणि डोकं साथ देईनासं झालं की दातांकडेही दुर्लक्ष होतं. आधी काय झालं हे आता सांगता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

दाढ काढली. हिरडी भरून आली. पण जबडा इतका आटला होता की कवळी सैल झाली, आणि नवीन मापासाठी ते तोंड उघडेनात. पुढे छातीत कफ झाला आणि ते गेले.

न्यायच्या वेळी शेजारच्या काकू हलकेच म्हणाल्या, "कवळी घाल गं, तोंड अगदी बसलंय." मी डबा आणायला आत गेले. खिळ्यावर वॉशर तसाच होता. त्या नियमाने दात अण्णांकडे असायला हवे होते, आणि ते माझ्या हातात होते. धाकटा मागे येऊन उभा राहिला. त्यानेही खिळ्याकडे पाहिलं.

"शिफ्ट संपली त्यांची," तो म्हणाला. "बिल्ला देऊन टाक."

मी डबा खाली ठेवला, वॉशर काढला आणि बाहेर येऊन अण्णांच्या शर्टाच्या खिशात घातला. काकूंना म्हटलं, कवळी राहू दे.

नियमाने सगळं बरोबर झालं. हत्यार जमा, बिल्ला परत. पण त्या सकाळी ते हत्यार न घेता का वळले, काम विसरले म्हणून की हत्यार बोचत होतं म्हणून, हे खिडकीच्या माझ्या बाजूने दिसलं नाही. अजून दिसत नाही.