पाणी टाकण्याआधी

सलमाचा फोन आला तेव्हा धुळ्याच्या दवाखान्यात एका बेशुद्ध बाईची कूस बदलून मी हात धूत होते. "आपा, अम्मी गेली. संध्याकाळी असरच्या नमाजनंतर दफन आहे. आंघोळीसाठी तुझीच वाट बघतोय." सलमा ही माझ्या फूफीची, म्हणजे आत्याची, लेक. मी तशीच बस पकडली. पारोळा, एरंडोल कधी गेलं कळलं नाही. मोहल्ल्यातल्या बायांना शेवटची आंघोळ घालणारी फूफी, आणि आता तिलाच मी घालायची... जमेल मला?

फूफी लग्न होऊन जळगावात मेहरूणला आली, पण वाढली भडगावकडच्या खेड्यात. बोली शेवटपर्यंत खान्देशीच राहिली. कुणी बाई वारली की तिला बोलावणं यायचं. बोरीची पानं टाकून ती पाणी तापवायची, मनगटावर थेंब घेऊन बघायची, आणि चादरीखालच्या बाईला हळूच सांगायची, "पानी टाकस हां, माय. कोमट शे." ते ऐकून भोवतीच्या बायांच्या अंगावर काटा यायचा.

माझी आई गेली तेव्हा मी शाळेत होते. फूफीने तांब्या माझ्या हातात दिला. "मायले सांग, मंग टाक." मी रडत म्हणाले, "तिला कुठे ऐकू येतंय?" फूफी शांतपणे म्हणाली, "तुले काय ठाऊक? तू मरीसन देखेल शे का?" मरून बघितलंयस का, हे ऐकून त्या तसल्या दिवशी मला चक्क हसू फुटलं... आणि मग मी आईला सांगितलं. तू नर्स का झालीस असं कुणी विचारलं की नोकरी लवकर लागते म्हणून मोकळी होते. खरं कारण तो तांब्या.

आपलं काम मी पुढे चालवावं अशी फूफीची फार इच्छा. मी धुळ्याला निघाले तेव्हा ती रुसून बसली होती. पुढे मात्र चिडवायची, "जित्या बाया तुन्या, मरेल मन्या. गिऱ्हाईक वाटी लिधं आपण!" म्हणजे जिवंत बाया माझ्या, मेलेल्या तिच्या. पण 'तुले काय ठाऊक?' या तिच्या प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही. वॉर्डात बेशुद्ध माणसाला हात लावण्याआधी मी सांगते, "काकू, कूस बदलते हं." मग चेहऱ्याकडे बघत राहते. कधी पापणी हलल्यासारखी वाटते... मशीनवर मात्र काहीच बदल नसतो. त्यातले कितीतरी चेहरे माझ्याबरोबर घरी येतात, गेलेल्यांचेसुद्धा.

मेहरूणला पोचले तेव्हा फूफीला आंघोळीच्या लाकडी तख्तावर ठेवलं होतं. मी पाणी मनगटावर घेऊन बघितलं, तांब्या भरला, आणि आवाजच फुटेना. बाया खोळंबल्या. "आपा, पाणी थंड होतंय," सलमा म्हणाली. तेवढ्यात माझ्या तोंडून, मी जन्मात कधी न बोललेल्या बोलीत निघालं, "पानी टाकस हां, फूफी. कोमट शे." सलमाने दचकून वर बघितलं. आवाज माझा नव्हता. मी घाबरले, खोटं कशाला सांगू. पण हात थांबला नाही.

परवा मोहल्ल्यातून मला पहिलं बोलावणं आलं. रजा टाकून गेले. आता यापुढेही जाईन, हे मला कळून चुकलंय.

फक्त घरी स्वतःच्या आंघोळीला बसले की पंचाईत होते. पहिला तांब्या उचलला की हात अडतो. सांगितल्याशिवाय पाणी अंगावर घेववत नाही, आणि मला सांगणारी तर गेली. तरी मी डोळे मिटून, तिच्या आवाजाला कान देऊन बसते... पाणी पार गार होईपर्यंत.