बाजूच्या दाराची किल्ली

सभागृहाच्या दारांवर देखरेख करणाऱ्या बाईंचं डोकं त्या दुपारी खेळ सुरू व्हायच्या आधीच फिरलं होतं. कारण नेहमीचंच. बाजूच्या दाराला कुलूप, आणि किल्ली व्यवस्थापकाच्या खिशात.

"त्या दारानं फुकटे घुसतात," व्यवस्थापक म्हणाला.

"घुसू देत. पण माणसं बाहेर कुठून पडणार?"

"आली तिथून!"

हेच तर बाईंचं दुखणं होतं. माणूस ज्या दारानं आत येतो त्याच दारानं बाहेर पडायला बघतो, शेजारचं दुसरं सताड उघडं असलं तरी. मागच्याला पुढचं दिसत नाही, म्हणून तो ढकलतो. पुढच्याला मागं वळता येत नाही, म्हणून तो चेंगरतो. त्यात वाईट कुणीच नसतं. हे सांगून सांगून बाईंच्या तोंडाला फेस आला होता. नवरा तर जेवताना म्हणायचा, "अगं, आपण दोघंच आहोत. गर्दी कुठाय?"

आज तोच नवरा लहानग्या नातीला घेऊन जादूचे प्रयोग बघायला आत बसला होता. बाईंनी बजावलं होतं, "निघताना बाजूच्या दारानं या." त्यानं मान डोलावली होती. त्याच्या मान डोलावण्याचा काडीचाही भरवसा नाही, हे बाईंना लग्नापासून ठाऊक होतं. निदान दार तरी उघडं हवं, म्हणून त्या हटूनच बसल्या. शेवटी व्यवस्थापकानं किल्ली त्यांच्या हातावर आपटली. "घ्या! माझं डोकं नका खाऊ. सगळे गेले की परत द्यायची."

खेळ संपत आला तशी बाईंनी बाजूचं दार उघडलं. तोच मंचावरून व्यवस्थापकाचा लाडिक आवाज आला, "बालमित्रांनो, मुख्य दारापाशी फुगे मिळणार आहेत! संपेपर्यंत हं!"

संपेपर्यंत! बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. आतापर्यंत शहाण्यासारखी बसलेली माणसं त्या एका शब्दानं उठली आणि पोरांना काखोटीला मारून मुख्य दाराकडे लोटली. "अहो, इकडे दार आहे, इकडे!" बाई घसा फोडून ओरडल्या. दोन म्हातारे तेवढे आले. लोंढ्याच्या मधोमध नवरा दिसला. नात खांद्यावर, आणि तिचे पाय धरायला त्याला हातही वर काढता येत नव्हते. धास्तीतही बाईंना नवऱ्याचा संताप आला, फुग्यांचा आला, स्वतःच्या आवाजाचासुद्धा आला.

ओरडून काही होणार नव्हतं. बाई बाहेरून वळसा घालून धावल्या, फुगेवाल्याच्या हातातला झुबकाच हिसकावून घेतला, तशाच परत बाजूच्या दारात आल्या आणि फुगे उंच धरले. मोठ्यांना नुसती पुढच्यांची टाळकी दिसत होती. खांद्यावरच्या पोरांना मात्र फुगे दिसले.

"आजोबा, फुगे तिकडे!" नातीनं आजोबांचे दोन्ही कान धरून त्यांचं तोंडच फिरवलं. बाकीची पोरंही ओरडू लागली. आधी मागची माणसं वळली, मग कडेची. बाई दारात थांबल्या नाहीत. थांबल्या असत्या तर सगळे तिथंच तुंबले असते. फुगे तसेच उंच धरून त्या मागं मागं सरकत पटांगणाच्या पार टोकाच्या भिंतीपर्यंत गेल्या, आणि बाहेर पडलेली माणसं पटांगणात सैल होत गेली.

कुणाला खरचटलंही नाही. नवरा लालबुंद कान चोळत म्हणाला, "एवढं काय त्यात? जरा गर्दी होती." त्याला चांगलं फैलावर घ्यावं असं बाईंना वाटलं, पण नातीला पोटाशी धरल्यावर रडूच कोसळलं.

तेवढ्यात व्यवस्थापक तणतणत आला. "तो फुगेवाला तिकडे बोंबलतोय! एवढा तमाशा कशासाठी? काही झालं का?"

"नाही झालं."

"मग?"

कपाळ! जे झालंच नाही ते दाखवायचं कसं? त्याला पटवायचं, तर नातीला त्या चेंगराचेंगरीत सोडून द्यायला हवं होतं.

"किल्ली," व्यवस्थापकानं हात पुढे केला.

"देणार नाही. हवं तर कामावरून काढा."

तो शिपायाला हाक मारून म्हणाला, "बाजूच्या दाराला नवं कुलूप घेऊन ये."