भिंतीला पाठ लावून बसणारी

२००५ साली मी नोकरीसाठी रोज ट्रेनने लायडनहून ॲमस्टरडॅमला जायचो. डब्याच्या टोकाला, भिंतीला पाठ टेकून पन्नाशीची एक डच बाई बसलेली असायची. चढणाऱ्या प्रत्येकाचे ती आधी हात बघायची, मग चेहरा.

हळूहळू बोलणं सुरू झालं. ती चित्रपट निर्माती होती. वीस वर्षं दुसऱ्यांची शूटिंगं सांभाळल्यावर तिनं स्वतःच्या स्वयंपाकघरातच कंपनी काढली. पहिला सिनेमा घरातून पळालेल्या मुलींवर केला आणि तेव्हापासून तिला जिवे मारण्याच्या धमक्या येऊ लागल्या.

एकदा एक माणूस धावत आत शिरला आणि आमच्या समोर बसून त्यानं कोटात हात घातला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं. त्यानं रुमाल काढून नाक पुसलं. तिची बोटं मात्र पुढच्या स्टेशनपर्यंत सुटली नाहीत.

मग ती म्हणाली, "सोमवारी तिकडे दक्षिणेत, मास्ट्रिख्टला दुसऱ्या सिनेमाचं शूटिंग सुरू करतेय."

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"वाटते ना. रोज सकाळी विचार करते, आज कुठे बसू. सिनेमा काढू की नको, याचा नाही करत."

सोमवारपासून ती दिसली नाही. तिचं नाव मी कधी विचारलं नव्हतं आणि मला डच वाचता येत नव्हतं. म्हणून रोज पेपरात तिचा फोटो तर नाही ना, एवढंच बघायचो. कित्येक महिन्यांनी तिचा फोटो दिसला. ऑफिसातल्या डच सहकाऱ्यापुढे मी पेपर धरला आणि फोटोवर बोट ठेवलं.

त्यानं वाचलं आणि म्हणाला, "यांचा नवा सिनेमा शुक्रवारी लागतोय."