ठकीचे हुकूम

ज्ञानदेवची अर्धी हयात माणसांवर वैतागण्यात गेली आणि उरलेली कुत्र्यांनी निभावून नेली. नागपूरला जनावरांचा डॉक्टर झालेला हा गडी चौऱ्याऐंशी साली टेक्ससला आला, इथल्या परीक्षेत दोनदा आपटला आणि शेवटी दक्षिणेकडच्या एका रँचवर शिकारी कुत्री सांभाळायला लागला. त्या रानात लावे पक्षी फार. हिवाळ्यात ह्यूस्टन-डॅलसची पैसेवाली मंडळी शिकारीला येत आणि ज्ञानदेव त्यांना कुत्र्यांच्या मागून फिरवी. स्वतः मात्र बंदुकीला हात लावत नसे. पंचशील घेतलेला माणूस. आईला फोनवर सांगे, मी मारत नाही, नुसतं दाखवतो. आई विचारी, दाखवणारा वेगळा सुटतो का रे? त्यावर तो विषय बदलायचा.

कुत्र्याचं काम ऐकायला सोपं. वास काढत पुढे जायचं, झुडपात लावे दबलेले कळले की एक पाय वर उचलून जागच्या जागी थिजायचं आणि माणसं येईपर्यंत हलायचं नाही. हललं की थवा भुर्र! पण पाहुण्यांना दम कुठला? पहिल्याच वर्षी त्यांनी चहूकडून इंग्रजीत हुकूम सोडून सोडून एका गुणी कुत्र्याची पार वाट लावली. ज्ञानदेवने कानाला खडा लावला. पुढे ठकी नावाचं पिल्लू हाती आलं तेव्हा तिला सगळं मराठीत शिकवलं. थांब, चल, हळू, आण. घ्या आता, बोंबला काय बोंबलायचं ते! शिवाय खरं सांगायचं तर दीडशे मैलांत मराठी बोलायला त्याला दुसरं कुणी नव्हतंच.

सत्त्याण्णवच्या जानेवारीत ठकी नऊ वर्षांची झाली. रँचचा मालक डेल म्हणाला, म्हातारी झाली ही, मागच्या दोन खेपांना थवा उडवला. कुत्री त्याच्या मालकीची, तेव्हा शब्दही त्याचाच. शनिवारी शिकारीची उघडी गाडी तो स्वतः चालवणार होता. ठकी नीट उभी राहिली तर ठीक, नाहीतर ओक्लाहोमात कुणाला तरी देऊन टाकणार. ज्ञानदेवला दोन दिवस घास गोड लागला नाही.

आणि शनिवारी पाहुणे कोण यावेत? शुगर लँडचा कुमार! तेल कंपनीत इंजिनियर, ऑफिसच्या ख्रिसमस पार्टीतल्या लॉटरीत याला शिकारीची ट्रिप लागलेली. जन्मात ढेकूण सोडून काही मारलं नसेल. सोबत त्याचा मित्र प्रसन्न, आणि फोटो काढायला बायको वसुधा, मांडीवर थालीपिठांचा डबा घेऊन. नाव ऐकल्याबरोबर कुमार ओरडला की अहो ज्ञानदेवराव, तुम्ही तर आपलेच निघालात! ज्ञानदेवही फुलला. नागपुरात आता काय चाललंय, संत्री कशी आहेत, अमकं दुकान आहे का, तमकं आहे का, असं तेरा वर्षांचं साचलेलं एका दमात विचारून घेतलं. डेल गाडीच्या उंच सीटवरून हे कौतुक बघत होता.

पहिल्या झुडपापाशी ठकी थिजली. अशी सुरेख, की ज्ञानदेवच्या छातीवरचा धोंडा उतरला. तेवढ्यात कुमार प्रसन्नला म्हणाला, "चल, चल, पुढे चल." ठकी निघाली की पुढे! सगळा थवा डोक्यावरून गेला. डेलने भुवया वर केल्या.

पुढे मेस्किटची झुडपं लागली. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची चुलत बहीण. प्रसन्नची पँट काट्यात अडकली आणि तो कुमारला म्हणाला, अरे थांब ना जरा. ठकी मोकळ्या माळावर पाय उचलून उभी राहिली. सगळे बंदुका सरसावून तिच्या समोर गेले, तर तिथे गवताची काडीसुद्धा नाही. डेलने घड्याळाकडे पाहिलं. ज्ञानदेवलाही शंका आली. म्हातारीला खरंच भ्रम झाला की काय? आणि या दोघांच्या तोंडाचा पट्टा काही थांबेना. शेअर काय, मॉर्गेज काय, मंडळाच्या गणपतीतलं राजकारण काय! रानात आलेत की कुणाच्या बारशाला?

दुपारी कुमारच्या बारात एक लावा चुकून पडला. ठकी तो तोंडात धरून ज्ञानदेवकडे येत होती. इकडे गाडीत बसलेल्या वसुधाने प्रसन्नला हाक मारली की डबा आण बघू इकडे. ठकीने वळण घेतलं, गाडीवर उडी मारली आणि मेलेला लावा वसुधाच्या मांडीवर ठेवला. वसुधाच्या किंकाळीने अर्ध्या मैलातली पाखरं उडाली.

ज्ञानदेवने डोक्याला हात लावला. हात्तिच्या मारी! कुत्री शहाणी होती, सकाळपासून सगळ्यांचं ऐकत होती. गाढव तोच. मराठी ऐकण्यात असा रंगला की साधी गोष्ट ध्यानात आली नाही. रागावणार तरी कुणावर? आपलेच दात, आपलेच ओठ.

तो तिघांसमोर जाऊन उभा राहिला. "हात जोडतो तुम्हाला. आता इथून जाईपर्यंत मराठीचा एक शब्द काढू नका."

का ते त्याने सांगितलं, ओक्लाहोमाचंही सांगितलं. तरी कुमारला ते लागलंच. "घरी पोरं मराठी बोलत नाहीत म्हणून मी रोज घसा फोडतो. दोनशे मैलांवर एक आपला माणूस भेटला, तर तो म्हणतो बोलू नका."

वसुधाने नवऱ्याचा दंड दाबला.

दुपारनंतर तिघं इंग्रजीत बोलले, नोकरीच्या मुलाखतीला बसल्यासारखे. सूर्य कलताना निवडुंगाच्या जाळीपाशी ठकी उभी राहिली. पाय वर, शेपूट ताठ. प्रसन्न दगडाला अडखळला, त्याचं तोंड 'अरे'साठी उघडलं आणि मिटलं. ठकी तसूभर हलली नाही. ज्ञानदेवने लावे उठवले, दोन बार झाले, दोन पक्षी पडले. हळूच त्याने म्हटलं, आण, आणि तिने एकेक आणून त्याच्या हातात दिला. डेलने हॅट काढून डोकं खाजवलं. राहू दे म्हातारीला, तो म्हणाला, जोवर चालते तोवर.

ज्ञानदेवने ठकीच्या मानेत तोंड खुपसलं. मराठी माणसांसमोर रडायची लाज वाटली, म्हणून बराच वेळ वर काढलं नाही.

पाहुणे निघाले. ठकी पायाशी बसलेली, त्यामुळे तिघंही जपून. वसुधाने उरलेल्या थालीपिठांचा डबा ज्ञानदेवच्या हातात दिला आणि ती कुजबुजली, "प्लीज ईट." सकाळी ज्ञानदेवराव म्हणणारा कुमार "थँक यू सो मच, सर" म्हणाला आणि त्याने आपल्या गाडीचं दार लावून घेतलं.

गाडी फाटकापर्यंत गेली तेव्हा ज्ञानदेवच्या ध्यानात आलं की बंदी उठल्याचं आपण सांगितलंच नाही. काम झालं, आता बोला की! डबा छातीशी धरून तो चार पावलं धावला.

"अहो, थांबा! थांबा जरा!"

काचा वर होत्या. गाडी हायवेला लागली. त्याने मागे पाहिलं, तर ठकी एक पाय उचलून जागच्या जागी थांबली होती.